रोही आडवा येतो, म्हणून गाडीला गार्ड लावू का?

चिमूर तालुक्यातल्या एका गावातून एका वाचकाने लिहिलं आहे. वय अडतीस. घरची सोयाबीन-तुरीची शेती, जोडीला कृषी केंद्र. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चंद्रपूरला न्यावं लागतं. सकाळी सातची पाळी, म्हणून पहाटे साडेचारला घर सोडावं लागतं. पांदणीतून शेतातही जाईल आणि आईलाही नेता येईल, या हिशेबाने चार महिन्यांपूर्वी त्यांनी नवी फोर-बाय-फोर घेतली. दिवाळीनंतर त्यांच्या मेहुण्याच्या गाडीला वरोरा रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आला, पुढची काच फुटली, मेहुण्याच्या कपाळाला सात टाके पडले. तेव्हापासून यांना पहाटे गाडी चालवताना धास्ती वाटते. मित्रांचा एकच आग्रह, पुढे गार्ड लाव. "गाडीले गार्ड नसन त बैलाले शिंगं नसल्यावानी दिसते," असंही एकाने ऐकवलं. वेल्डिंगवाल्याने दोन इंची लोखंडी पाइपचा गार्ड सोळा हजारांत सांगितला, दोन हजार इसारही देऊन झाला. पत्नी मात्र अडून बसली आहे. गार्डामुळे एअरबॅग नीट उघडत नाही आणि दंडही होतो, असं तिने वाचलं आहे. आईची तक्रार वेगळीच, गाडी उंच आहे, चढताना जीव जातो. रात्रभर भद्रावतीला लेकीकडे राहायला ती तयार नाही. वाचक विचारतात, "ताई, कायदा आपल्या जागी. पण आई मागे बसलेली असताना समोर रोही आला तर मी काय करू? गार्ड लावू की नको?"

भाऊ,

मेहुण्याच्या कपाळावरच्या टाक्यांबद्दल तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत. गाडीच्या दुरुस्तीला किती खर्च आला, ते मात्र कुठेच नाही. यावरून तुमची काळजी कशाची आहे ते मला कळलं. पत्र्याची नाही, माणसांची आहे. म्हणून गार्डाकडेही आपण त्याच नजरेने बघू. गाडीची चिंता असती तर माझं उत्तर थोडं वेगळं झालं असतं.

गार्ड असता तर मेहुण्याची काच वाचली असती, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. रोही डोळ्यांसमोर आणा. पाय लांब, खांद्यापाशी उंची चार फुटांच्या वर, आणि पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्याही पुढे जातो. एवढं सगळं वजन चार काटक्यांसारख्या पायांवर तोललेलं असतं. वेगातल्या गाडीचा बंपर त्याच्या पायांना लागतो. पाय खालून निघून जातात आणि धड बॉनेटवरून सरळ काचेवर येतं. मेहुण्याच्या बाबतीत बहुतेक हेच झालं असावं. आता त्या बंपरच्या पुढे अर्ध्या फुटावर पाइप लावला, तर पाय पाइपला लागतील एवढाच फरक. धड काचेवर यायचं ते येणारच. बॉनेटच्या वर जाईल एवढा उंच गार्ड केला तर धक्का जरा वर बसेल हे खरं, पण दोनशे किलोचं धड त्यावरून उसळून कुठे जाईल याची हमी कुठलाही वेल्डिंगवाला देऊ शकत नाही. शिवाय तेवढा उंच गार्ड तुमच्याच डोळ्यांसमोरचा रस्ता झाकेल.

रानडुकराची गोष्ट निराळी. ते बुटकं, भरीव आणि खाली डोकं घालून धावणारं जनावर. ते बंपर, रेडिएटर, कधी गाडीच्या पोटाखालचा भाग फोडतं. तिथे गार्ड पत्रा वाचवू शकतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. ज्यांची गाडी डुकराने दोनदा फोडली आहे ते गार्डाची बाजू घेतात, त्यात त्यांचं चुकत नाही. पण डुकराच्या धडकेत काच फुटून कपाळ फुटण्याचा धोका मुळात कमी. म्हणजे ज्या जनावरापासून माणसाला जास्त भीती, तिथे गार्ड तोकडा पडतो, आणि जिथे तो उपयोगी आहे तिथे वाचतो तो मुख्यतः रेडिएटर.

आता पत्नीच्या म्हणण्याकडे येते. ती बरोबर सांगते आहे, आणि का बरोबर आहे ते तुम्हाला कळलं तर घरातला वाद मिटेल. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम असा बनवलेला असतो की धडकेत तो ठरावीक पद्धतीने चुरगळावा. चुरगळताना तो धक्क्याचा जोर खातो, म्हणजे आत बसलेल्यांच्या छातीपर्यंत कमी जोर पोचतो. गाडी किती झटक्यात थांबते आहे हे सेन्सर मोजतात आणि त्यावरून एअरबॅग कधी उघडायची ते ठरतं. हा सगळा हिशेब सेकंदाच्या अगदी बारीक भागात होतो, आणि कंपनीने तो मूळ बंपर धरून, गाड्या आपटून बघून बसवलेला असतो. तुम्ही चेसिसला बोल्ट मारून तीस-चाळीस किलोचा लोखंडी पाइप पुढे लावलात की धक्का बंपर न चुरगळता थेट चेसिसमध्ये जातो. मग एअरबॅग उशिरा उघडेल, नको तेव्हा उघडेल किंवा उघडणारच नाही, काही सांगता येत नाही. तुमच्या गावच्या कारागिराचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे हे तपासायचं साधन नाही. आणि लक्षात घ्या, तुमची धडक नेहमी रोह्याशीच होईल असं नाही. वरोऱ्याकडे उभ्या ट्रकच्या मागे, किंवा समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या पिकअपशी झाली, तर त्या क्षणी तुम्हाला एअरबॅग लागणार आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या भागात गार्ड लावलेल्या पन्नास गाड्या फिरतात आणि कोणी अडवत नाही, हे मला माहीत आहे. पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा तो पहिल्यांदा पुढचा भागच बघतो. मूळ गाडीत नसलेला आणि कंपनीला न कळवलेला बदल त्याला दिसला की दाव्यात अडचण येऊ शकते. दंडापेक्षा ती अडचण मोठी.

तुमच्या मित्रांनी ऑस्ट्रेलियातल्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवले, असं तुम्ही लिहिलंत. तिथे कांगारूंसाठी गार्ड लावतात हे खरं. पण मोठ्यातला मोठा कांगारू नव्वद किलोच्या आसपास भरतो, रोही त्याच्या दुप्पट-अडीचपट. तिथले चांगले गार्ड त्या त्या मॉडेलच्या एअरबॅगशी जुळतील असे बनवून तपासलेले असतात. आणि त्या निर्जन रस्त्यावर शेकडो किलोमीटर माणूस दिसत नाही. आपल्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता काय काय असतं ते तुम्हीच आठवा. दुधाच्या कॅन लावलेली सायकल, जागल करून शेतातून परतणारा माणूस, डोक्यावर विळे-टोपल्या घेतलेल्या बाया, मागे दिवा नसलेली बंडी.

इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या मोठ्या भावाच्या जीपला असाच गार्ड होता, त्या काळी गार्ड नसलेली जीप दिसायचीच नाही. बाजाराच्या दिवशी, गर्दीत, माणूस चालतो तेवढ्याच वेगात जीप चालली होती. एक पोरगा सायकलवरून मध्ये आला. भावाने ब्रेक मारला, जीप जवळजवळ थांबलीच होती, तरी पाइप त्या पोराच्या मांडीला लागला आणि हाड मोडलं. बॉनेटचा पत्रा थोडा तरी दबतो, प्लास्टिकचा बंपर वाकतो. पाइप दबत नाही. भावाने त्याला दवाखान्यात नेलं, सगळा खर्च केला, महिनाभर रोज बघायला गेला. परत आल्यावर पहिलं काम केलं ते गार्ड काढून टाकण्याचं. त्या पोराला आता स्वतःची मुलं आहेत, आणि तो अजून थोडा लंगडतो. युरोपात २००५ मध्ये केलेल्या नियमाने गार्डांसाठी पादचाऱ्यांना इजा होऊ नये म्हणून चाचणीची अट घातली, हे मला फार नंतर कळलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तोच पोरगा होता.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, गार्ड लावू नका. पण एवढं सांगून मी थांबले तर तुमची पहाटेची धास्ती तशीच राहील, आणि ती धास्ती खोटी नाही.

तुमचा खरा रक्षक वेग आहे. गाडी ताशी ८० ने चालली असेल तर डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर निघून जातात, आणि ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत एकूण ६५-७० मीटर होतात. डिपरवर रस्ता नीट दिसतो तो साधारण ४०-५० मीटर. म्हणजे ८० च्या वेगात रोही दिसला तेव्हा तुम्ही त्याच्या आधी थांबूच शकत नाही, गाडीला काहीही लावलं तरी. ५० ने चालवलीत तर ३५ मीटरच्या आसपास थांबता. आणि समजा थांबता आलं नाही, तरी ५० च्या धडकेत जोर ८० च्या तुलनेत निम्म्याहूनही कमी असतो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चिमूर ते वरोरा पन्नासेक किलोमीटर. ७० ऐवजी ५० ने गेलात तर पंधरा-सतरा मिनिटं जास्त लागतात. साडेचारऐवजी सव्वाचारला निघा, एवढीच त्याची किंमत. वरोऱ्यापुढे मोठा रस्ता आहे, तिथे हवा तर वेग वाढवा.

जनावर दिसलं की स्टेअरिंग वळवू नका. हे मी ठासून सांगते आहे, कारण अशा अपघातांत माणूस मरतो तो अनेकदा जनावराला चुकवताना. तुमची गाडी उंच आहे, झटक्याने वळवली तर उलटते, नाहीतर बाजूच्या झाडावर जाते. स्टेअरिंग घट्ट सरळ धरा आणि ब्रेक दाबा, नव्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) आहे, पाय दाबूनच ठेवा. एक रोही गेला म्हणून लगेच पुढे जाऊ नका, मागे दुसरा-तिसरा असतोच. जनावर दिव्यात थिजून उभं राहिलं तर अप्पर बंद करा, हॉर्न तुकड्यातुकड्याने वाजवा, त्याला निघायला वेळ द्या. रोह्याचे डोळे लांबून चमकतात, पण डुक्कर काळं आणि बुटकं, ते अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. थंडीत हरभरा, तूर आणि गहू उभा असतो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या शेतांत जनावरं उतरतात. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) लावलेल्या शेतापाशी ती तार चुकवत रस्त्यालगत येतात, तिथे आधीच वेग कमी करा. नाला रस्त्याखालून जातो ती जागा, आणि जंगलाची पट्टी थेट डांबरापर्यंत येते ती जागा, या तुम्हाला आता पाठ झाल्या असतील. आठवड्यातून दोनदा त्याच वाटेने जाता, ही तुमची जमेची बाजू आहे. नागपूर-सिवनी रस्त्यावर पेंचच्या जंगलात जनावरांना जायला मुद्दाम वाटा सोडून वर पूल बांधले, एक पूल तर ७५० मीटरचा आहे, आणि या पुलांखालून वाघापासून चितळापर्यंत सगळे जातात. तुमच्या रस्त्यावर ती सोय नाही, म्हणून त्या जागा तुमच्या डोक्यात हव्यात.

गार्डासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून हेडलाइटची उंची-नेम एकदा नीट तपासून घ्या. पुढची काच आतून पुसा, आतल्या धुरकट थराने समोरचा दिवा पसरतो आणि निम्मं दिसेनासं होतं. वायपरचे रबर बदला. जास्त वॉटचे बल्ब किंवा बंपरवर एलईडीच्या पट्ट्या लावू नका, त्यांनी समोरून येणारा सायकलवाला आंधळा होतो. रेडिएटर वाचवायचा असेल तर ग्रिलच्या मागे बारीक जाळी बसवता येते, पांदणीतल्या गवताचं बीही त्यात अडकतं. गाडीच्या पोटाखाली स्किड प्लेट हवी असेल तर कंपनीच्या डीलरकडे तुमच्या मॉडेलचीच मागा, पांदणीतल्या दगडांपासून इंजिनचा तळ वाचतो. गाडीचं चेसिस मात्र कोणालाही वेल्ड करू देऊ नका. आणि ज्या वाचकांच्या गाडीला गार्ड आधीच आहे त्यांनी तो उतरवताना बोल्टची भोकं आणि गंज मेकॅनिककडून बघून घ्यावा, एवढंच.

आता आईबद्दल, कारण खरा प्रश्न तिचा आहे. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून बहुतेक रुग्णांना हेपॅरिन देतात. म्हणजे परतीच्या वाटेवर लहानशी जखमही तिला जड जाऊ शकते. म्हणून मागच्या सीटचा पट्टा तिला प्रत्येक वेळी लावा, जाताना आणि येतानाही. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) ज्या हाताला आहे त्यावर पट्ट्याचा किंवा सामानाचा भार पडत नाही ना, ते बघा. पाठीला उशी द्या, पण पट्ट्याखाली उशी घालू नका, पट्टा ढिला पडतो. पट्टा टोचतो म्हणून ती काढून टाकत असेल तर एकदा डायलिसिसच्या नर्सला तिच्यासमोर सांगायला लावा. घरच्यांचं ऐकत नाहीत ती माणसं नर्सचं ऐकतात, हे मी कितीदा बघितलं आहे.

पाळी बदलून दुपारची मागावी का, असं तुम्हाला वाटेल. थंडीत त्याचा फायदा नाही. बाराला सुरू झालेलं चार तासांचं डायलिसिस चारनंतर संपेल, आणि पावणेसहाला सूर्य बुडतो. म्हणजे दमलेली आई आणि तिन्हीसांजेची वेळ, जनावरं सगळ्यात जास्त हलतात तीच. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, तेव्हा विचारून बघायला हरकत नाही. त्यापेक्षा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय झाली आहे का, हे या आठवड्यात जाऊन विचारा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे, केंद्रं हळूहळू वाढत आहेत, आणि एकदा चंद्रपूरला नाव लागलं की माणूस पुन्हा चौकशी करत नाही.

आणि भद्रावती. पत्राच्या शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंत की धाकटी बहीण तिथे दिली आहे, पण आई म्हणते लेकीच्या दारी आठवड्यातून दोनदा कसं राहायचं, जावयाच्या घरचे काय म्हणतील. मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. भद्रावतीहून चंद्रपूर तासाभराच्याही आतलं. आदल्या दिवशी दुपारी, उजेडात, आईला तिथे नेऊन ठेवलं तर पहाटेचा जंगलपट्टीचा प्रवासच टळतो. आईचा संकोच खरा आहे, त्या पिढीने लेकीच्या घरचं पाणीही जपून प्यायलं आहे. पण हा प्रश्न तुम्ही बहिणीला विचारला आहे का? की आईने नको म्हटलं म्हणून तिच्यापर्यंत पोचलाच नाही? मला वाटतं, पोचला नसावा. तुम्ही एकटेच सगळं ओढता आहात, दुकान, शेत, पहाटेची गाडी, आणि बहिणीला आईचं काही करायला मिळत नाही. फोनवर विचारू नका. जावयांना भेटून, दोघांसमोर विचारा. थंडीचे चार महिने, पीक उभं असेपर्यंत, एवढंच मागा. आठवड्यातून दोनदा जमत नसेल तर एकदा. तूर-हरभऱ्याचं धान्य आईबरोबर पोचवा, म्हणजे तिलाही मोकळेपणाने घास घेता येईल.

इतकं करूनही एखाद्या पहाटे जनावर लागलंच, तर गाडी बाजूला घ्या, पार्किंगचे दिवे लावा, आई आत बरी आहे ना ते आधी बघा. माणसाला लागलं असेल तर १०८. जनावर जखमी असेल तर जवळ जाऊ नका, पडलेला रोही पाय झाडतो. वनखात्याला १९२६ वर कळवा. मेलेलं जनावर उचलून नेणाऱ्यांच्या नादी लागू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे, आणि तुमची गाडी तिथे उभी असते. गाडीचे फोटो जागेवरच काढा. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर जनावराच्या धडकेचं तुमच्या गाडीचं नुकसान त्यात मिळत नाही, म्हणून पॉलिसीचा कागद आज रात्री काढून बघा.

इसाराचे दोन हजार राहिले. वेल्डिंगवाल्याकडे जा आणि त्याला सांगा, गार्ड नको, एक सुटी पायरी करून दे. एक वीतभर उंच, दोन्ही पाय मावतील एवढी रुंद, वर रबराचा पट्टा, खाली चारही कोपऱ्यांना रबरी बूट, आणि धरायला बाजूला एक उभा दांडा आईच्या कमरेच्या उंचीचा. गाडीला जोडायची नाही, मागे ठेवायची आणि उतरताना-चढताना खाली मांडायची. माप घ्यायला आईलाच बरोबर न्या.